होडीघराची किल्ली

क्लाक्सविकच्या धक्क्यावरच्या होडीघराची किल्ली
अकरा वर्षं माझ्या कोटाच्या खिशात आहे.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
चारला कुलूप काढायचं, सहाला लावायचं,
मधे वल्ह्यांना तेल द्यायचं
आणि कानावर पडेल ते पडू द्यायचं.

काल तोर्शाव्नहून एक बाई आली. हातात तक्ते.
एका रकान्यात, मूल आठवड्याला किती तास वल्हवतं.
दुसऱ्यात, गणितात किती गुण.
म्हणाली, दोन्ही शेजारी मांडले की काहीतरी दिसतं.
दिसेल की, मी म्हटलं.
आमच्या डोंगरावर धुक्यात मेंढ्याही दिसतात.
जवळ गेलं की त्यातले निम्मे दगड निघतात.

मग ट्रोंदुरचं सांगितलं.
अकराव्या वर्षी आला तेव्हा
अपूर्णांक म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं.
पाचजणांच्या होडीत त्याला मधे बसवला.
मिनिटाला बत्तीस हात,
शेवटच्या तीनशे मीटरला अडतीस.
"किती वाढवायचे?" मागून कुणी ओरडलं
आणि तो हात न थांबवता म्हणाला, सहा.
एवढंच. वीज वगैरे चमकली नाही.
जूनमध्ये गणितात पास झाला, अगदी काठावर,
घसरत धक्क्याला लागते तशी.

बाई भराभर लिहायला लागली.
म्हटलं, थांबा, अजून शाई घालवू नका.
त्याच हिवाळ्यात त्याचा बाप ट्रॉलर सोडून
कायमचा घरी आला,
आणि त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा
रात्री दहापर्यंत दिसायला लागला, टेबलाशी दोन डोकी.
दिव्याला रकाना आहे का तुमच्याकडे?

रान्वाचं उलटं.
सोमवारी व्हायोलिन, मंगळवारी वल्ही, बुधवारी हँडबॉल,
गुरुवारी पुन्हा वल्ही, शुक्रवारी बुद्धिबळ,
शनिवारी इथेच, रविवारी चर्चचं गायन.
फ्रिजवर रंगीत वेळापत्रक, आईच्या अक्षरात.
आमच्याकडे सगळ्यांत वरचा गुण बारा.
तिला बाराच पडतात.
चेहऱ्यावरही बाराच वाजलेले असतात.
मागच्या गुरुवारी गाडीतून उतरलीच नाही,
पाव हातात तसाच, तोंड उघडं, गाढ झोपलेली.
तिची आई म्हणाली, उठवा.
प्रशिक्षकानं काचेवर बोट टेकवलं, मग काढून घेतलं.
त्या दिवशी तिच्या जागी वाळूची पिशवी ठेवून होडी गेली.
तक्त्यात तिचे तास मात्र पूर्ण भरलेत. मीच भरलेत.

एक सांगू? वल्हवणारा पाठमोरा जातो.
त्याला दिसतं ते फक्त मागे पडलेलं पाणी.
पुढचं बघायला सुकाणूवर कुणीतरी बसावं लागतं,
आणि तो माणूस एकही वल्हं मारत नाही.
तुमचे तक्ते मला त्या वल्हवणाऱ्यांसारखे वाटतात.
बाईला हे आवडलं नाही. किंवा आवडलं,
पण लिहायला जागा नव्हती.

"हा?" तिनं बोट ठेवलं.
आर्नेल. पलीकडच्या गावचा.
आई सामन माशांच्या कारखान्यात दुपारपाळीला,
शेवटची बस सव्वापाचला, म्हणून क्लबात नाव नाही.
पण शाळा सुटली की इथल्या भिंतीवर येऊन बसतो,
प्रत्येक गाठीचं नाव त्याला येतं,
दोर ओला असला की कोणती सुटत नाही तेही.
बस गेली की अंधारात आईची वाट बघतो,
मी त्याला कुलूप लावेपर्यंत आत घेते, शेगडीपाशी.

"मग तास शून्य लिहू?"
मी बोटांवर मोजलं.
चार ते सहा, दोन तास. आठवड्यातून तीनदा.
म्हटलं, सहा लिहा.
"पण तो तर वल्हवत नाही."
नाही वल्हवत.

तिनं शेवटी काय लिहिलं, मी पाहिलं नाही.
सहा वाजत आले होते,
वल्ही आत घ्यायची होती,
आणि भिंतीवरून उडी मारून
एक मुलगा दोराचं टोक धरून उभा होता.